सासूबाईंच्या डब्यातले दागिने: किती जुने, किती मोलाचे?

दारव्हा तालुक्यातल्या एका गावाहून पन्नाशीतल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. सासूबाई गेल्या पोळ्याच्या सुमारास वारल्या. त्यांचा पितळी डबा थोरली सून म्हणून यांच्याकडे आला. त्यात पुतळ्यांची माळ, गोठांची जोडी, मोत्यांची नथ, राणीछाप रुपयांचा हार, चांदीचे तोडे आणि लेकराच्या गळ्यातलं वाघनखाचं पदक आहे. धाकट्या दिरांना बोअर मारायचं आहे. ते म्हणतात, सगळं आटवू आणि दोघा भावांत अर्धं-अर्धं करू. ताईंच्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात आहे. तालुक्याच्या सराफानं गोठ हातात घेतले आणि 'यात लाखच जास्त' म्हणून परत केले. मग पुतण्यानं मोबाइलवर फोटो टाकले आणि एक 'अँटिक'वाला थेट गावात आला. माल दीडशे वर्षांचा आहे, सगळ्याचे मिळून तीन लाख देतो, पण आठवड्यात सांगा, असं म्हणून गेला. ताई विचारतात, "धातू पाहून दागिना किती जुना ते कसं कळतं? आणि खरी किंमत कोणती समजायची, सराफाची का त्या माणसाची? आम्हाले कोणी फसवू नये एवढंच."

ताई,

हा आठवडा डब्यातली एकही वस्तू कोणाच्या हाती देऊ नका, नमुना म्हणूनसुद्धा नाही. आठवड्याची मुदत त्या माणसाच्या सोयीची आहे. लग्नाला अजून अवकाश आहे, आणि बोअरही दागिन्यांचा नीट हिशेब होईपर्यंत थांबू शकतं.

तुम्ही एक गोष्ट धरूनच चालला आहात, की दागिना जितका जुना तितका महाग. तो माणूस येण्याआधी तुमच्या घरात 'किती वर्षांचं' हा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. तो त्यानं आणला, आणि उत्तरही त्यानंच दिलं. खेड्यातल्या घरात निघणाऱ्या बहुतेक दागिन्यांचा भाव वयावर ठरत नाही. आत निव्वळ सोनं-चांदी किती, कस काय आणि घडण आजही अंगावर घालण्यासारखी आहे का, यावर तो ठरतो. वयामुळे भाव वाढतो तो थोड्या वस्तूंचा: दुर्मीळ नाणं, अस्सल बसऱ्याचे, म्हणजे आखातातले नैसर्गिक मोती, एखादी आता कोणाला जमत नाही अशी घडण. तुमच्या डब्यात असं काही असेलही. पण ते एकेक वस्तू वेगळी पाहून कळेल, सगळ्याचे मिळून तीन लाख अशा बोलीत कधीच कळणार नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. धातूला स्वतःचं वय नसतं. शंभर वर्षांपूर्वीचं बावीस कॅरेट सोनं आणि कालचं बावीस कॅरेट सोनं कसोटीवर सारखाच कस देतात. शिवाय आपल्याकडे दागिना मोडून दागिना करण्याची रीत. पणजीच्या सरीचं सोनं आजीच्या पाटल्यांत गेलेलं असतं. चांदी काळी पडली म्हणजे जुनी, हेही खरं नाही. ती गंधकामुळे काळी पडते, आणि रबरबँड गुंडाळून ठेवली तर काही महिन्यांतही काळी होते. जुनं भासवण्यासाठी मुद्दाम काळी करणारेही आहेत. वापरातून आलेलं काळेपण नक्षीच्या खाचांत बसलेलं असतं आणि उंचवटे घासून गुळगुळीत झालेले असतात. कडीवर कडी घासून आतल्या बाजूनं झिजलेली असते. अशी झीज मागाहून आणणं फार कठीण. भिंग घेऊन आधी तीच जागा पाहा.

धातू, खडे, जोड यांवरून एकच गोष्ट खात्रीनं सांगता येते: हा दागिना अमुक काळाच्या आधीचा नाही. अमुक काळाइतका जुना आहे, हे नुसत्या धातूवरून कोणी सांगत असेल तर तो अंदाज सांगतो आहे. 'केडीएम' असा शिक्का असेल तर तो कॅडमियमच्या झाळीचा, म्हणजे गेल्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांतला किंवा त्यानंतरचा माल. चमकणारा पांढरा खडा अमेरिकन डायमंड निघाला तर दागिना, किंवा निदान तो खडा, १९७६ च्या आधीचा नाही. त्यापूर्वी तो बाजारात नव्हताच. सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक असेल तर २०२१ नंतरचा. तोड्यांना पेच असेल तर उघडून आटे पाहा. हातानं कापलेले आटे थोडे उणे-अधिक असतात, यंत्रावरचे अगदी एकसारखे. कमी कसाचं सोनं म्हणजे नकली किंवा अलीकडचं, असंही समजू नका. जानेवारी १९६३ मध्ये सरकारनं १४ कॅरेटहून अधिक कसाचे नवे दागिने करायला बंदी घातली होती. ती काही वर्षांतच उठली, पण त्या काळात लग्न झालेल्यांच्या डब्यात हलक्या कसाचा दागिना निघू शकतो.

तुमच्या डब्यात वयाबद्दल सगळ्यात जास्त बोलणारी वस्तू म्हणजे रुपयांचा हार, कारण त्यावर साल कोरलेलं आहे. दिवसाच्या उजेडात बसा आणि प्रत्येक रुपयाचं साल आणि छाप वहीत उतरवून काढा. 'व्हिक्टोरिया क्वीन' असेल तर १८४० ते १८७६ च्या दरम्यानचा, 'एम्प्रेस' असेल तर १८७७ नंतरचा. मग सातवा एडवर्ड, पंचम जॉर्ज, सहावा जॉर्ज. हार ओवला गेला तो त्यातल्या सगळ्यात नव्या नाण्यानंतर. एकच १९१९ चा रुपया निघाला तरी 'दीडशे वर्षांचा हार' हे बोलणं तिथंच संपतं. मात्र एक तपासून घ्या: तो एक रुपया पुढच्या पिढीतल्या कोणी मागाहून घातलेला असू शकतो. त्याच्या कडीची झाळ बाकीच्या कड्यांसारखीच आहे का, का ती वेगळी, नवी दिसते, ते पाहिलं की उलगडा होतो. नाण्यावरचं सालही शंभर टक्के धरू नका. १८६२ साल असलेले रुपये टांकसाळीत पुढे दहाएक वर्षं पाडले जात होते.

दीडशे वर्षांची गोष्ट आपल्या भागात लगेच पटते, त्याला कारण आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला आणि चांदीचा रुपया खेडोपाडी पोचला. म्हणून जुना रुपयांचा हार दिसला की तो त्याच काळातला, असं सांगणं सोपं जातं. तुमचा हार त्या काळातला असेलही, पण ते नाण्यांवरून सिद्ध व्हावं लागेल.

आता या हाराचं मोल. राणीछाप रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी ९१.७ टक्के, म्हणजे रुपयामागे १०.७ ग्रॅमच्या आसपास निव्वळ चांदी. झिजलेल्यात थोडी कमी. १९४० पासूनच्या चांदीच्या रुपयात मात्र चांदी निम्मीच, ५.८ ग्रॅम. घेणारा सगळे रुपये एकाच भावानं मोजत असेल तर कोणाचं तरी नुकसान होतं आहे, आणि जुने जास्त असतील तर ते तुमचं. संग्राहक काही साल-छाप शोधत असतात. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया त्यांच्यात ओळखीचा आहे, कारण राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि बरेचसे रुपये परत घेऊन आटवले गेले. १९३९ चा रुपया फार दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकला पुष्कळ. एक कटू गोष्ट आधीच सांगते: कडी झाळलेल्या नाण्याला संग्राहक पूर्ण भाव देत नाही. ती कडी घरी काढायच्या भानगडीत मात्र पडू नका, उरलंसुरलं मोलही जाईल.

पुतळ्यांच्या बाबतीत मूळ नाणं होतं व्हेनिसचं सोन्याचं डुकाट. साडेतीन ग्रॅम वजन, जवळजवळ शुद्ध सोनं, एका बाजूला संतापुढे गुडघे टेकलेला राजप्रमुख आणि दोघांच्या मधे उभी काठी. ते राज्य १७९७ मध्ये संपलं, पण आपल्या सोनारांनी त्याच छापाच्या पुतळ्या पुढे कितीतरी वर्षं ठशावर पाडल्या. सासूबाईंच्या माळेतली एक पुतळी वेगळी करून वजन करा. ग्रॅमच्या आत भरली, पत्र्यासारखी वाकली आणि कडेची अक्षरं नुसत्या रेघोट्या असल्या, तर ती आपल्याकडची. तसं निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, सोनं सोनंच आहे. पण ती अस्सल डुकाट निघाली तर ती माळ आटवणं हे कधीही भरून न येणारं नुकसान होईल. म्हणून आटणीआधी ही एक वस्तू नक्की तपासून घ्या.

गोठांवरून सराफावर रागावू नका, तो खरं तेच बोलला. जुने गोठ आणि बोरमाळेचे मणी बऱ्याचदा पातळ पत्र्याचे करून आत लाख भरलेले असतात. आत निव्वळ सोनं किती, हे आटवल्याशिवाय कोणालाच नेमकं सांगता येत नाही. मग सराफ स्वतःच्या अंगावर येऊ नये म्हणून वजनात मोठी घट धरतो. हॉलमार्क केंद्रावरचं क्ष-किरणांचं यंत्र कस सांगतं, पण वरच्या थराचाच. आतली लाख त्याला दिसत नाही. आटवलेत तर लाख जळून जाईल, घडणावळ शून्य होईल आणि हाती सोन्याची लहानशी गोळी येईल. उलट तेच गोठ मुलीच्या लग्नात घातले तर आज नव्या गोठांना जी घडणावळ मोजावी लागली असती ती वाचेल. मला विचाराल तर गोठ आटवूच नयेत. पोचे आले असतील तर जुन्या हाताचा सोनार लाख पुन्हा भरून ते सरळ करून देतो. फक्त गरम पाण्यात किंवा उन्हात ठेवू नका.

नथीबद्दल थोडक्यात. मोती दाताला खरखरीत लागला म्हणजे बसऱ्याचा, असं सांगतात. त्यानं फक्त काच-प्लॅस्टिक वेगळं काढता येतं. शेतीचा, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला मोतीही तसाच खरखरीत लागतो. गोल शेतीचे मोती जपानमधून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येऊ लागले, आणि नैसर्गिक की शेतीचा हे प्रयोगशाळेतल्या क्ष-किरणांनीच ठरतं. मधला लाल खडाही कारखान्यातलं माणिक असू शकतो. ती पद्धत १९०२ पासून जगजाहीर आहे. चिंच, लिंबू यांनी नथ मुळीच घासू नका, आंबटात मोती विरघळतो. खरं तर डब्यातलं काहीच घासू नका. टूथपेस्टनं चकचकीत केलेल्या नाण्यावर पारखी माणूस दुसरी नजर टाकत नाही.

तोडे भरीव असतील तर घरीच एक खात्रीची परीक्षा करता येते. ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा घ्या. आधी तोड्याचं कोरडं वजन लिहा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा, तोडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण भांड्याच्या तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता दिसणाऱ्या आकड्यानं कोरड्या वजनाला भागा. समजा तोडा २३३ ग्रॅमचा आहे आणि पाण्यात आकडा २२.६ आला, तर भागाकार १०.३ येतो, राणीछाप रुपयाच्या कसाची चांदी साधारण इतकीच भरते. भागाकार पावणेनऊच्या खाली उतरला तर तो जर्मन सिल्वर किंवा वर मुलामा दिलेला तोडा. जर्मन सिल्वरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी नसते. पोकळ किंवा लाखेच्या दागिन्याला ही रीत चालत नाही. लोहचुंबकावर तर विसंबूच नका. तांबं, पितळ, शिसं यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. चांदीचाच भाव हवा असेल तर तालुक्याच्या एका दुकानावर थांबू नका. खामगावला रजतनगरी उगाच म्हणत नाहीत, तिथं चांदीचा कस रोजच्या रोज पाहणारी माणसं आहेत.

वाघनखाचं पदक बाजूला ठेवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघाचा कोणताही अवयव विकणं आणि विकत घेणं गुन्हा आहे, आणि मालकीच्या प्रमाणपत्राशिवाय बाळगणंही अडचणीचं ठरू शकतं. गुराच्या शिंगाची केलेली नकली नखंही पुष्कळ असतात, पण ते तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही. आधी वकिलाला विचारा, मग वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. 'सगळ्याचे मिळून' बोली लावणाऱ्यानं हे पदकही त्यात धरलं असेल तर तुम्हालाही त्यानं त्या गुन्ह्यात ओढलं असतं.

त्या माणसाबद्दल आणखी एक. १९७२ चाच पुरावशेषांचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या, त्या काळच्या कारागिरीची साक्ष देणाऱ्या वस्तू त्यात मोडू शकतात. त्यांच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि त्या खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. माल खरंच दीडशे वर्षांचा आहे असं त्याला वाटत असेल तर त्यानं परवाना दाखवावा. परवाना नसेल तर एक तर धंदा सरळ नाही, किंवा दीडशे वर्षांवर त्याचा स्वतःचाच विश्वास नाही.

आता तुम्ही पत्रात न विचारलेली गोष्ट. दोघा भावांत अर्धं-अर्धं, असं तुम्ही लिहिलंत, आणि दुसऱ्या पानावर दोन नणंदांचा उल्लेख आहे. सासूबाईंचे दागिने त्यांची स्वतःची मालमत्ता. मृत्युपत्र नसेल आणि सासरेही नसतील, तर हिंदू वारसा कायद्यानं मुलं आणि मुली सारख्या वाट्याच्या. म्हणजे वाटे चार. सासूबाईंनी जिवंतपणी एखादा दागिना तुमच्या हाती दिला असेल तर तो तुमचा, पण डबा तुमच्या कपाटात आहे म्हणून आतलं सगळं तुमचं होत नाही. हे तुम्हाला माहीत नव्हतं असं मी म्हणत नाही. घाईत नणंदा बाहेर राहतात, आणि मग माहेरपणाला येणं बंद होतं, असं आपल्या घरांतून फार होतं.

तेव्हा दोघींना बोलवा आणि सगळ्यांसमोर डबा उघडा. प्रत्येक वस्तूचा दोन्ही बाजूंनी फोटो, ग्रॅममध्ये वजन, कुठं काय कोरलं आहे ते, सगळं कागदावर घ्या आणि चौघा भावंडांच्या सह्या घ्या. सासूबाईंच्या वहीत वजन तोळ्यात असेल तर जपा: जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो. वहीतले बारा तोळे म्हणजे १४० ग्रॅम, आजच्या बोलीत चौदा तोळे. हा फरक कोणाच्या खिशात जायला नको.

मग अकोला, अमरावती किंवा नागपूरच्या हॉलमार्क केंद्रावर कस तपासून लेखी घ्या. घरातला बिनहॉलमार्कचा दागिना तिथं थोड्या शुल्कात तपासून मिळतो, आणि तसा दागिना विकायलाही तुम्हाला बंदी नाही. नाणी आणि एक पुतळी नाण्यांच्या जाणकाराला दाखवा. नागपूरला जाणं झालंच तर अजब बंगल्यातली, म्हणजे तिथल्या वस्तुसंग्रहालयातली नाणी पाहून घ्या, शेजारी ठेवून पाहिल्यासारखी नजर तयार होते. त्यानंतर निदान दोन सराफांकडून निव्वळ वजन, कस, त्या दिवसाचा भाव आणि घट असं चारही लिहून घ्या. आटवायचं ठरलं तर डोळ्यांसमोर आटवा आणि आधीचं-नंतरचं वजन लिहून ठेवा. दिरांना बोअरची निकड असेल तर वाटणीनंतर त्यांचं सोनं बँकेत तारण ठेवण्याचा मार्ग आहे, विकलंच पाहिजे असं नाही. बँकही निव्वळ सोनंच धरते, लाख आणि खडे सोडून.

तो माणूस फोन करील. त्याला सांगा, परवान्याचा क्रमांक पाठवा आणि प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत लिहून द्या. वाटणीच्या दिवशी गोठ तुमच्या वाट्याला मागा, मुलीच्या लग्नासाठी म्हणून उघड सांगून. आतल्या सोन्याचा अंदाज सराफाकडून लेखी घ्या आणि तेवढं सोनं पुतळ्यांतून दीर आणि नणंदांना आधी जाऊ द्या.